हॅकिंटॉशचे चौदा महिने, त्यातले तेरा झोपेविना

रात्री पावणेतीनला आईने हाक मारली. "अरे, तुझं ते परत उठलंय बघ." हॉलमध्ये येऊन बघतो तर मॉनिटर लख्ख, पंखा घुर्र, आणि पासवर्ड मागत बसलेला व्हेंचुरा, म्हणजे ॲपलच्या मॅकची सिस्टिम (मॅकओएस), जी मी साध्या पीसीवर चढवलीय. अशा मशीनला हॅकिंटॉश म्हणतात. या आठवड्यातली चौथी वेळ. माझीही झोप गेलीच आहे, तर लिहूनच टाकतो.

मशीन २०१८ मध्ये जुळवलेलं: आय-फाइव्ह ८४००, बी-३६० बोर्ड, यूएचडी ६३०, १६ जीबी रॅम. त्यावर ओपनकोअर (साध्या पीसीवर मॅकची सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम), आणि एसएमबायोस, म्हणजे मशीनने सांगायची उसनी ओळख, आयमॅक १९,१. जाणकारांना एवढं पुरे. 'अबाउट धिस मॅक' उघडलं की २७ इंची रेटिना ५के आयमॅक दिसतो. समोर माझा साडेअठरा इंची मॉनिटर, कोपऱ्यात पिवळा डाग पडलेला. पाहुण्यांना मी ती खिडकी दाखवत नाही.

हा उद्योग केला तो गॅरेजबँड या मॅकवरच्या रेकॉर्डिंग ॲपसाठी. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं आणि टाळांच्या आवाजात पेटी बुडते, ती वर काढायची होती. वर्षातून चार-पाच कार्यक्रमांसाठी नवा मॅक घेणं मला पटेना. लॅमिंग्टन रोडवरून ब्रॉडकॉमचं जुनं वाय-फाय कार्ड २,४०० रुपयांना आणलं, त्याचा ॲडॉप्टर ६०० ला. एवढाच खर्च. ॲपलचा परवाना फक्त ॲपलच्याच मशीनवर ही सिस्टिम टाकू देतो, हे मला माहीत आहे. २००८ मध्ये सायस्टार नावाच्या अमेरिकी कंपनीने असे तयार पीसी विकायला काढले आणि २००९ मध्ये कोर्टात हरली. मी विकत काही नाही, पण परवाना मोडतोय हे खरं.

चालतं कसं? उत्तम चालतं. आमच्या मंडळातल्या एकाच्या खऱ्या आयमॅकपेक्षा लवकर सुरू होतं (त्याला सांगितलेलं नाही). व्हर्च्युअल-एसएमसी नावाचा छोटा ड्रायव्हर सिस्टिमला पटवून देतो की मॅकमधली ॲपलची एसएमसी चिप इथेच आहे, व्हॉटेव्हरग्रीन हा दुसरा ग्राफिक्स सांभाळतो. आवाजासाठी ॲपलएएलसी या तिसऱ्याला लेआउटचा, म्हणजे बोर्डावरच्या ऑडिओ जोडणीचा, आकडा द्यावा लागतो. तो माझ्या बोर्डाला कुठला लागू पडेल ते कुणी सांगत नाही. आकडा बदला, रीस्टार्ट करा, ऐका. १, २, ३, ५ असं करत ७ वर आवाज आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मी जेवलो नव्हतो. यूएसबी साउंड इंटरफेस मात्र लावल्या लावल्या चालला. पखवाज छान येतो.

पण झोप! स्लीप दाबा, पडदा काळा होतो, पाच सेकंदांनी परत उजळतो. कधी नशिबाने झोपलंच, तर मध्यरात्री उठतं. झोपेतही अधूनमधून काम करू देणारं पॉवर नॅप बंद केलं. हायबरनेट मोड शून्यावर आणला, म्हणजे झोपताना रॅममधलं डिस्कवर उतरवू नये. बायोसमधला सीएफजी लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-सेटिंगवरचं कुलूप, काढला. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने बघता क्षणीच "बोर्ड गेलाय, बदला" म्हणून सांगितलं. अहो, विंडोजवर हेच मशीन मढ्यासारखं झोपतं, मग बोर्ड कसा गेला? शंभर रुपये घेतलेच त्याने. रोज शटडाउन करायला काय होतं, असं बायको विचारते. काही होत नाही. पण जे मशीन झोपू शकत नाही ते चालतंय असं मी कसं म्हणू? या एका गोष्टीपायी पाचात दोन तारे.

वरचं लिहून तीन आठवडे झाले. खोडत नाही, पण शरमेने पुढचं लिहितो.

टर्मिनलमध्ये पीएमसेटचा लॉग, म्हणजे मशीन कधी झोपलं-उठलं याची नोंद, आधीही बघायचो, पण नुसता शेवटचा उठल्याचा वेळ. या वेळी कारण नीट वाचलं. प्रत्येक वेळी एक्सएचसी, म्हणजे यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानतं, आणि बाहेरचा एक निळा पोर्ट तिथे दोन धरला जातो, यूएसबी २ चा वेगळा नि ३ चा वेगळा. म्हणून आपल्याला कुठले ठेवायचे, कुठले गाळायचे याचा नकाशा स्वतः करावा लागतो. तो मी पहिल्याच आठवड्यात केला होता, पेनड्राइव्ह प्रत्येक भोकात घालून घालून. फक्त वाय-फाय कार्डाचं ब्लूटूथ आतल्या ज्या यूएसबी हेडरला वायरने जोडलंय, तो पोर्ट मी बाहेरचा म्हणून नोंदवला होता. प्रकार ३. हवा होता २५५, म्हणजे आतला. सिस्टिमला वाटत होतं की बाहेरून कुणीतरी सतत काहीतरी खुपसतंय. ३ खोडून २५५ लिहिलं, रीस्टार्ट केलं, स्लीप दाबलं. झोपलं. सकाळी मीच उठवलं.

तेरा महिने! आणि मी मशीनच्या नावाने बोटं मोडत होतो.

आता तारे साडेचार. अर्धा कापला तो पुढच्या काळजीचा. व्हेंचुरानंतरच्या, २०२३ च्या सोनोमाने माझ्या वाय-फाय कार्डाचा आधार काढला, म्हणून मी व्हेंचुरावरच थांबलोय. पॅच मारून वाय-फाय परत आणता येतं, पण पेनड्राइव्हची ती कसरत परत करायची इच्छा नाही. २०२५ चं टाहो हे इंटेल प्रोसेसरच्या (माझाही तोच) मॅकसाठी शेवटचं मॅकओएस, असं ॲपलनेच जाहीर केलंय. त्यात आयमॅक १९,१ ला जागा नाही आणि ज्याच्या जोरावर माझा तो ७ आकडा चालतो तो ॲपलएचडीए ड्रायव्हरही गेला. म्हणजे हे मशीन जिथे आहे तिथेच म्हातारं होणार. पेटी ऐकू येते तोवर मला चालेल. जुन्या सिस्टिमचा भरवसा नको, म्हणून बँकेचं काम मात्र त्यावर करणं बंद केलंय.

ओपनकोअरचं ईएफआय फोल्डर, ज्यावरून मशीन सुरू होतं, दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलंय. एक ड्रॉवरमध्ये, दुसरा देव्हाऱ्याखालच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांजवळ. तो कुणालाही गाणी भरायला द्यायचा नाही, असं आईला दोनदा सांगितलंय.