अंगणवाडी की नर्सरी? आधी दहा ते एक काय चालतं ते बघा

माझा थोरला अकरा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत गेला आणि धाकटी घराखालच्या घाटीने उतरलं की लागणाऱ्या अंगणवाडीत. गाव मालवण तालुक्यातलं. मे महिना लागला की वाडीतल्या आया, आणि हल्ली मुंबईहून कायमचे परत आलेले चाकरमानीसुद्धा, मला विचारायला येतात की पोराला कुठे घालू. फी, गणवेश आणि इमारत यांची तुलना त्यांनी आधीच केलेली असते. मी त्यांना दोन्हीकडचा दिवस सांगते. तो माहितीपत्रकात छापलेला नसतो.

नर्सरीची चांगली बाजू आधी सांगते, कारण गावात तिला उगाच नावं ठेवायची पद्धत आहे. तिथला दिवस कधी घसरला नाही. आल्यावर आपल्या चित्राखालच्या खुंटीला दप्तर अडकवायचं, मग गोलात बसून हजेरी, राइम्स, टेबलावरचं काम, हात धुणं, डबा, रंग आणि शेवटी गोष्ट. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय, हेच त्याचं घड्याळ. पहिले आठ दिवस रडलेला माझा मुलगा तिसऱ्या आठवड्यात मला सांगू लागला, ‘डब्यानंतर रंग, रंगानंतर गोष्ट, गोष्टीनंतर आई.’ त्याचं रडणं थांबलं ते या क्रमामुळे, असं मला आजही वाटतं.

खटकलं ते टेबलावरचं काम. साडेतीन वर्षांच्या मुलापुढे चार रेघी वही आणि ठिपक्यांचा ए. तो पेन्सिल मुठीत धरायचा आणि इतकी दाबायचा की मागच्या पानावर वळ उठायचे. या वयात मनगटाची हाडं अजून घडत असतात, बोटांत जोर आलेला नसतो. तो आणायला मळलेली कणीक, चिखल, मणी ओवणं, कागद फाडणं असली कामं लागतात. अक्षर त्यानंतरचं. पण वही घरी दाखवता येते, कणीक दाखवता येत नाही. पालकांना रोज काहीतरी दाखवावं लागतं म्हणून वही चालते. त्यात आम्ही पालकही तितकेच दोषी.

दुसरी गोष्ट भाषेची. लघवीला जायचं तर इंग्रजीत विचारायचं, असा तिथला नियम. एकदा ते वाक्य आठवेपर्यंत याची चड्डी ओली झाली. पुढे महिनाभर तो शाळेत पाणीच प्यायला नाही. आम्हाला कळलं ते बाटली रोज भरलेली परत येते यावरून.

धाकटीच्या अंगणवाडीत नऊ मुलं, तीन ते सहा वर्षांची, एकाच खोलीत. आमच्याकडच्या वाड्या ओस पडत चालल्यात, त्यामुळे पट कमी, आणि कमी पटाचा फायदा लहान मुलांना होतो, हे कुणी बोलत नाही. सेविकाताई वाडीतल्याच. त्यांनी घरून एक डबा आणला होता, उकळून वाळवलेल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, शिंपांचा. जोड्या सोडवून सगळ्या एकत्र केलेल्या. मुलांनी जोड्या लावायच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण एका तिसरीची दोन कवचं एकमेकांवरच नीट बसतात. दुसरीचं कवच आकाराने जवळपास तेवढं असलं तरी बिजागरीपाशी अडतं. मी दारात उभी होते. ताई म्हणाल्या, ‘गो बाय, हेचो जोडीदार खय गेलो?’ धाकटीने चार शिंपा लावून बघितल्या, पाचवी उचलली, कानाशी नेऊन दाबली आणि म्हणाली, ‘ह्यो न्हय. ह्यो बसणा नाय.’ वीसेक मिनिटं ती हलली नाही. लहान-मोठा, सारखा-वेगळा, एकाला एक, हे सगळं गणित त्यात आलं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या माझ्या थोरल्याला त्याच वयात ‘पाच बिया दे’ म्हटलं की तो मूठभर काजूबिया द्यायचा.

शिंपा, बिया, करवंट्या वापरणं म्हणजे गरिबाघरचा तोडगा नव्हे. याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये गावातल्या लहान मुलांसाठी हेच काम सुरू केलं. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणार नव्हती, म्हणून आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधनं केली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडला गेलं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते वाढवलं. सरकारची अंगणवाडी योजना त्यानंतरची, 2 ऑक्टोबर 1975 ची.

आता अंगणवाडीचं दुखणं. ताईंचा दिवस फक्त मुलांचा नसतो. वजनं, उंच्या, गरोदर बायकांच्या नोंदी, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, तालुक्याच्या बैठका. ताई बैठकीला गेल्या की मदतनीस बाई खिचडी आणि मुलं दोन्ही सांभाळतात. त्या दिवशी शिंपांचा डबा कपाटातच राहतो. धाकटीच्या वर्षात असे दिवस खूप आले. श्रावणात कौलातून गळायला लागलं तेव्हा तर पंधरा दिवस मुलं एका कोपऱ्यात गाणी म्हणत बसली. जो क्रम नर्सरीत पक्का होता तो इथे ताईंवर अवलंबून, आणि ताई हजर असतील त्या दिवसापुरता. राज्याने अंगणवाड्यांसाठी अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे. त्यातलं या आठवड्यात काय चाललंय, असं ताईंना सहज विचारा. उत्तर कसं येतं यावरून बरंच समजतं.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. अंगणवाडीत गरम आहार मिळतो, नर्सरीत डबा न्यावा लागतो. प्रवास मात्र हलका धरू नका. जुलैत व्हॅन सव्वाआठला यायची, पोर अर्धं भिजून बसायचं, आणि दुपारी परतताना दारापर्यंत पोचायच्या आत झोपलेलं. गाडीत गेलेला तास-सव्वा तास त्याच्या खेळातून कापलेला असतो.

‘पण इंग्रजीचं काय? पहिलीत मागे पडेल ना?’ हे सगळ्यांचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, आणि त्यासाठीच्या 2022 च्या आराखड्यात भर आहे खेळावर आणि घरच्या भाषेवर. म्हणजे कागदावर दोन्हीकडे एकच गोष्ट अपेक्षित आहे. माझ्या घरचं सांगायचं तर धाकटी पुढे थोरल्याच्याच शाळेत पहिलीला गेली. दिवाळीपर्यंत चाचपडली, नंतर नाही.

माझं मत विचाराल तर चौथं वर्ष पूर्ण होईपर्यंत चालत जाता येईल अशी अंगणवाडी, पण ताई मुलांमध्ये बसणाऱ्या असतील तरच. त्या सतत बैठकांना आणि नोंदींना जुंपलेल्या असतील आणि जवळ बरी नर्सरी असेल, तर मी नर्सरी निवडेन आणि वहीवरून भांडेन. दोन्ही जागा धड नसतील तर वर्षभर घरी आजीबरोबर परड्यात राहिलं तरी काही बिघडत नाही.

बघायला जायचं तर प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका. अकराच्या सुमाराला जा, वीस मिनिटं दाराशी थांबा. बाई जास्त बोलतायत की मुलं? भिंतीवरची तीसही बदकं सारखीच पिवळी आहेत का? एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना गाणं होतं की आरडाओरडा? रडणाऱ्या पोराजवळ कोणी बसतं का? आणि मोरी बघा. कडी मुलाच्या हाताला पोचते का, पाणी आहे का, आणि तिथे जायला कोणत्या भाषेत विचारावं लागतं.