जाड अंगाला थंडीतलं सायकल जॅकेट: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांचं काम होईल. जॅकेट चांगलं आहे, पैसे वसूल झाले. पण पार्सलमधून निघालं तसं ते मला चालण्यासारखं नव्हतं, टेलरकडून कमरेत मोकळं करून घ्यावं लागलं. आणि जाड अंगाच्या माणसानं कोल्हापुरात सायकलसाठी जॅकेट घेताना ऊब हा मुद्दा सगळ्यात शेवटी बघावा. आधी माप, मग घाम, मग वारा. एवढं जमलं की ऊब आपोआप भागते.

माझं वजन ९८ किलो, उंची ५ फूट ३ इंच, वय चाळिशीच्या पुढं. जॅकेट घेतलं ऑक्टोबरअखेर, आता मार्च लागलाय. रोजचा पहाटेचा फेरा रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा असा गगनबावड्याच्या रस्त्यानं, आणि रविवारी ग्रुपबरोबर पन्हाळा नाहीतर जोतिबा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या लोकांचे मापांचे तक्ते दरवर्षी बदलतात, पुढच्या वर्षी त्याच नावाचं जॅकेट तुम्हाला त्याच मापाचं मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे काय बघायचं ते सांगते.

आपली थंडी म्हणजे काही मनाली नव्हे. हिवाळ्यात पहाटे १४-१५ अंश असतात, कडाका पडला तर १० ते १२. पण पन्हाळ्याला निघालेल्या कुणालाही विचारा, शिवाजी पूल ओलांडून पंचगंगेकाठच्या ऊसात शिरलं की अंगावर काटा येतो. थंड हवा जड, ती रात्रभर नदीकाठच्या सखल रानात साचून राहते, त्यात ऊसाला पाणी पाजलेलं. तिथून केर्ली, वाघबीळ, आणि मग चढ. चढाला अंगातून वाफा निघतात. वर पोचून चहा होईपर्यंत घाम गार पडतो आणि त्याच ओल्या अंगानं घाट उतरायचा. म्हणजे एका सकाळीत तीन ऋतू, आणि जॅकेट एकच.

वजनदार माणसाचं गणित इथंच वेगळं होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, पन्हाळा ९७७. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या असं सगळं धरून ११५ किलो वर चढवायचं. शरीर जेवढं इंधन जाळतं त्यातलं जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचतं, बाकीची निव्वळ उष्णता. हिशेब मांडला तर फक्त उंची गाठण्यापोटी साडेतीनशे किलोकॅलरींच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. ती सगळी घामावाटे काढायची म्हटलं तर अर्धा लिटरहून जास्त घाम. ६५ किलोच्या माणसाला त्याच चढाला याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपासच उष्णता काढायची असते. शिवाय आपलं वजन दीडपट असलं तरी कातडीचा पृष्ठभाग दीडपट नसतो, आणि आपण चढतो ताशी सात-आठच्या वेगानं, म्हणजे घाम वाळवायला वाराही नाही. ग्रुपमधली बारीक पोरं अस्तर भरलेलं, बंद गळ्याचं जाड जॅकेट घालून मजेत वर जातात. तेच जॅकेट मी घातलं तर वाघबिळाच्या पुढं आतला टी-शर्ट पिळून निघेल.

म्हणून मी शोधलं ते असं: छाती, खांदे आणि बाह्यांची पुढची बाजू वारा न शिरणाऱ्या कापडाची, पण पाठ, काखा आणि दोन्ही कुशी पातळ, विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या. दुकानात याला सॉफ्टशेल म्हणतात, पण नावावर जाऊ नका, पाठीचं कापड तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर आरपार गेली पाहिजे. छातीच्या कापडातून ती आरपार जाता कामा नये. माझं जॅकेट या परीक्षेत पास झालं आणि चार महिन्यांत त्याबद्दल तक्रार नाही. घाट उतरताना वेग चाळिशीत जातो, हवा १० अंश असेल तर त्या वाऱ्यात ती कातडीला सहा अंशांसारखी लागते. छातीवर वारा अडला की एवढ्या थंडीला आत एक पातळ सिंथेटिक बनियन पुरतं. सुती बनियन मात्र नको, ते भिजलं की उतारभर अंगाला गार चिकटून बसतं. फारच कडाका असला तर वर चहाच्या टपरीवर 'पुढारी'चं एक पान मागून घ्यावं आणि छातीवर जॅकेटच्या आत सरकवावं. जुन्या सायकलवाल्यांची युक्ती आहे, अजून चालते.

आता माप. यावर जास्त लिहिते, कारण खरा छळ इथं आहे.

बायकांच्या सायकल जॅकेटची मापं बहुतेक ठिकाणी एक्सएलला संपतात. दुकानातला पोरगा लगेच म्हणतो, "मॅडम, जेंट्समध्ये बघा ना." मी जेंट्समधलं डबल एक्सएल मागवलं होतं, लेडीजमधल्या सगळ्यात मोठ्या मापाबरोबर, दोन्ही शेजारी ठेवून ठरवायचं म्हणून. जेंट्सचं छातीला बसलं. पण खांदे दोन्हीकडं उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, आणि खाली कंबर अशी आवळलेली की सायकलवर वाकल्यावर मागून वर सरकून पाठ उघडी. खांद्यावरचं जास्तीचं कापड पुलावरच्या वाऱ्यात शिडासारखं फुगणार हे दिसतच होतं. ते परत पाठवलं. पुरुषांनाही हाच त्रास वेगळ्या तऱ्हेनं होतो. ज्यांचं पोट पुढं आहे पण खांदे बेताचे आहेत ते पोटाला बसावं म्हणून दोन मापं मोठं घेतात आणि मग बाह्या दुमडत बसतात. तालमीतल्या पैलवानाचं उलटं, खांद्यात आणि दंडात अडतं, पोटात ढगळ. जाड म्हणजे एकच आकार असं कंपन्या धरून चालतात. आपण धरायचं कारण नाही.

माप घ्यायचं ते बसून, पुढं वाकून. खुर्चीत बसायचं, समोरच्या टेबलावर हात हँडलला धरल्यासारखे ठेवायचे आणि घरातल्या कुणाला तरी टेप लावायला सांगायचं. उभं राहिल्यावर माझ्या पोटाचा घेर जेवढा येतो त्यापेक्षा बसून चार सेंटीमीटर जास्त येतो. छातीचा घेर ११६ सेंमी, बसून पोटाचा ११२, नितंबांचा १२४. आणि ज्याकडं कुणी बघत नाही ते दंडाचं माप, कोपर वाकवून: ४० सेंमी. बायकांना जॅकेट पोटाआधी दंडात अडतं, हे लिहून ठेवा. दंडात आवळलं की तासाभरात हाताला मुंग्या येतात आणि आपण दोष देतो हँडलच्या उंचीला.

तक्ता वाचताना एक गोष्ट विक्रेत्याला विचारूनच घ्या: हे अंगाचं माप आहे की कपड्याचं? सायकलच्या कंपन्या सहसा अंगाचं माप देतात, म्हणजे छाती ११६ लिहिलंय तर ११६ छातीच्या माणसाला ते बसावं. पण ऑनलाइन बरेच विक्रेते जॅकेट सपाट टाकून मोजतात आणि दुप्पट करून लिहितात. त्यात ११६ असेल तर ते ११० च्या माणसाचं. इटालियन धाटणीचे शर्यतीचे कपडे तर अंगाला चिकटून बसण्यासाठीच बेतलेले असतात, त्यातलं डबल एक्सएल आपल्याकडच्या साध्या लार्जएवढं वाटलं तर नवल नाही. वर्णनात 'रेस फिट' दिसलं की पुढं जायचं, 'रिलॅक्स्ड' दिसलं की थांबायचं.

लेडीजमधलं मोठ्या मापाचं ठेवलं. चार हजारांच्या आत पडलं. छाती, खांदे, बाह्या बरोबर, दंडात काठावर पास. अडचण खालच्या काठाची. जॅकेट वर सरकू नये म्हणून या काठाला आतून रबरी पट्टी असते. नितंब रुंद असले की ती नेमकं उलटं काम करते. काठ नितंबांवर पुरत नाही, तो वर सरकत सरकत कमरेला, जिथं अंग सगळ्यात बारीक तिथं, जाऊन बसतो आणि रबरामुळे तिथंच घट्ट धरून राहतो. पाठीचा खालचा भाग उघडा तो उघडाच.

मग गेले महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या टेलरमास्तरांकडं. त्यांनी जॅकेट उलटसुलट केलं, पुढचं कापड बोटांत चुरलं आणि म्हणाले, "ताई, ह्याला ब्लाउजसारखं उसवून शिवायला जमत नाही. एकदा सुई टोचली की भोक राहतंय, वारं शिरणार."

"मग मास्तर, कुशीच्या कापडात करा की. तिथं वारा शिरला तरी चालतोय."

"हां, तिथं कळी घालतो. पर लायक्रा आणून द्या."

गांधीनगरातून काळी जाड लायक्रा आणली. मास्तरांनी दोन्ही कुशींत खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या कळ्या घातल्या, काठाला सहा-सहा सेंटीमीटर रुंद, आणि पुढच्या बाजूची रबरी पट्टी काढून टाकली, मागची ठेवली. ताणाच्या कापडाला वेगळी, गोल टोकाची सुई लागते, ती त्यांच्याकडं होती. नसेल तर साध्या सुईनं लायक्रात धागे तुटून जाळी पडते, आधी विचारून घ्या. मजुरी अडीचशे रुपये. त्या दिवसापासून काठ नितंबांवर बसतो आणि वाकल्यावरही हलत नाही. ग्रुपमधल्या दोघींनी त्यानंतर आपापली जॅकेटं मास्तरांकडं नेली, आता ते माझ्याकडं कमिशन मागायच्या गोष्टी करतात.

झिपबद्दल. सायकलवर बसल्यावर पोटावर झिप दुमडते आणि मधेच उंच फुगून उभी राहते, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं. यावर दोन्ही बाजूंनी उघडणारी झिप हाच उपाय. खालून चार बोटं उघडून ठेवली की झिप सपाट बसते, पोटालाही श्वास मिळतो. चढाला वरून छातीपर्यंत उघडायची. माझ्या जॅकेटला ती आहे, आणि नसती तर बाकी सगळं चांगलं असूनही मी ते घेतलं नसतं. जानेवारीत खालचा धावक अडखळायला लागला होता, मेणबत्तीचं मेण घासल्यावर सुरळीत झाला.

दिसण्याचा मुद्दा आपल्याकडं हिवाळ्यातच जास्त महत्त्वाचा. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात आणि गळीत हंगाम जोरात असतो. ऊसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बऱ्याच जणांना मागं लाल दिवाही नाही. आपण तरी दिसलं पाहिजे. जॅकेट पोपटी आहे, मागं चमकणाऱ्या पट्ट्या आहेत. इथं मात्र नाराज आहे. या पट्ट्या कापडावर छापलेल्या आहेत, आणि जिथं कापड आमच्यासारख्यांच्या अंगावर सतत ताणतं तिथं, म्हणजे कमरेजवळ, डिसेंबरातच त्यांना भेगा पडून पापुद्रे निघायला लागले. खांद्यावरच्या शाबूत आहेत. मोठ्या मापाचं घेताना पट्टी शिवलेली आहे की छापलेली ते बघा. मी आता वरून चमकणारा पट्टा आडवा घालते.

खिसे तीन, मागं, भरपूर खोल. मोबाइल, पंप, केळी सगळं मावतं.

धुण्याचं सोपं आहे: गार पाणी, सौम्य लिक्विड, सावलीत वाळवायचं. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसला की पाठीचं कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. पँटला मांडीवर घासून येतात तसे कापडाचे बारीक गोळे काखेजवळ यायला लागलेत, दंड आणि कूस सतत घासतात त्याला इलाज नाही. शिवण कुठं उसवलेली नाही, मास्तरांचीही नाही.

पावसाचं विचाराल तर नाही. धुकं आणि दंव थोपवतं, सर आली तर दहा मिनिटांत आत पाणी. जूनमध्ये राधानगरीकडं जाणाऱ्यांनी याच्याकडं बघूही नये. आणि मोठ्या मापाचं जॅकेट घडी करून खिशात मावत नाही. फेब्रुवारीत नऊ वाजताच ऊन लागायला लागतं तेव्हा हँडलला छोटी पिशवी असावी लागते. कमरेला बांधू नका, बाही चाकात जाते.

दंडाचा घेर ४२ च्या वर असेल तर बाह्यांचं जॅकेट शोधण्यात वेळ घालवू नका, मास्तरही वारा अडवणाऱ्या कापडात काही करू शकत नाहीत. त्यापेक्षा बिनबाह्यांचं, पुढून वारा अडवणारं आणि पाठीला जाळी असलेलं जाकीट घ्या, आत लांब बाह्यांची साधी जर्सी. आर्म वॉर्मरच्या, म्हणजे वेगळ्या चढवायच्या सुट्या बाह्यांच्या, नादी लागू नका, त्यांचं रबर जाड दंडावर वळ उठवतं. ग्रुपमधल्या एकानं हा हिवाळा असाच काढला, त्याला माझ्याहून निम्म्यात पडलं, आणि घाट उतरताना तो माझ्याइतकाच निवांत असतो.