उभ्या मोटरहोममधल्या गांधीलमाश्या: स्वतः काढायच्या, माणूस बोलवायचा, की असू द्यायच्या?

पिथमपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली असो की आणखी कशावर, मोटरहोम म्हणजे राहायची गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असते. हिवाळ्यात महेश्वर, मांडू, पचमढी झालं, की इंदूरच्या उन्हाळ्यात ती बंगल्याच्या कडेला नाहीतर कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर लावून ठेवतात. नेमकी तेव्हाच गांधीलमाशी जागा शोधत असते. सावली, पावसापासून आडोसा, हाताला न लागणाऱ्या पोकळ्या आणि शेजारी गळता कूलर, हे सगळं तिला तुमच्या गाडीपाशी एकाच ठिकाणी मिळतं.

काय करायचं हे ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. घर मातीचं आहे की कागदाचं, आणि ते गाडीच्या नेमक्या कुठल्या भागात आहे. डंखाच्या भीतीने लोक पहिलं बघतात आणि दुसरं राहून जातं. गाडीवाल्यासाठी मात्र दुसराच प्रश्न मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. दाराच्या बिजागरीवरचं पोळं तुम्हाला दिसतं. गॅसच्या कप्प्यातलं मातीचं बोळकं दिसत नाही, आणि जिवावर बेतू शकतं ते तेच.

मातीचं घर कुंभारीण माशी बांधते. कंबर दोऱ्याइतकी बारीक, अंग काळं-पिवळं, कायम एकटी. ती घराची राखण करत नाही. हातात पकडली किंवा अंगाखाली आली तरच डंख मारते. कागदी पोळं म्हणजे राखाडी, उलट्या छत्रीसारखं, खालून षटकोनी कप्पे उघडे आणि वर एकच बारीक काळा देठ. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून केलेला तो कागद असतो. देठावर माश्या मुंग्यांना पळवणारा स्राव चोपडतात, म्हणून तो चकाकतो. या माश्या टोळीने राहतात आणि पोळ्याला धक्का लागला की एकदम उठतात. तिसरी जात सगळ्यात दांडगी: तांबूस तपकिरी अंग, पोटावर पिवळा पट्टा, जिलबीच्या कढईभोवती घोंघावणारी. तिचं पोळं बहुतेक वेळा दिसतच नाही. बंपरच्या पोकळीत, बॅटरीच्या पेटीमागे नाहीतर तळाच्या पत्र्याआड ते असतं. आपल्याला दिसतं ते एक भोक आणि त्यातून सतत चाललेली ये-जा.

असू द्यावं का? चाकावरच्या पत्र्याला बाहेरून चिकटलेलं, कुठल्याही झरोक्यापासून लांब असलेलं कुंभारणीचं घर खुशाल राहू द्या. गाडी काढाल तेव्हा खरवडलं तरी चालेल. प्लॉटच्या कुंपणावरच्या, झाडावरच्या पोळ्यालाही हात लावू नका. या माश्या बागेतल्या अळ्या उचलून नेतात, त्यांचा उपयोग आहे. पण दारावर, सामानाच्या कप्प्यात, गुंडाळलेल्या छत्रात कागदी पोळं असेल, तर ‘थंडी पडली की आपोआप मरतील’ या सल्ल्यावर विसंबू नका. तो सल्ला थंड देशांतला आहे. तिथे हिवाळ्यात अख्खी वसाहत संपते आणि फक्त नव्या राण्या उरतात. आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या साध्या गांधीलमाशीचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं अभ्यास केला आहे. तिची वसाहत दक्षिणेत बारा महिने चालते, आणि राणी गेली तर दुसरी तिची जागा घेते. इंदूरची थंडी बंगळुरूपेक्षा कडक खरी, पण तिच्या भरवशावर बसावं इतकी नाही. वाट बघण्यात पोळं वाढतं, एवढंच होतं.

मातीचं घर स्वतः काढणं अगदी सोपं आहे. पुट्टीची पाती, जुना टूथब्रश, थोडं पाणी. घर आधी भिजवा, नाहीतर कोरडी माती फुटून नळीत आत पडते. पाती खाली सरकवली की अख्खं ढेकूळ सुटतं. ते फोडून बघा: एकेका खोलीत बेशुद्ध केलेले कोळी दाटीवाटीने भरलेले, पाय मऊच, आणि त्यांच्यात एक पिवळट अळी. आईने पिल्लासाठी केलेली ती बेगमी असते. घराला गोल भोकं पडलेली असली तर पिल्लं उडून गेली, घर रिकामं आहे.

काढणं सोपं, शोधणं कष्टाचं. पहिली जागा गॅसच्या कप्प्याचा तळ. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाली तर तो खाली उतरून बाहेर जावा यासाठी त्या कप्प्याला तळाशी भोक ठेवतात. ते मातीने बुजलं की गळलेला गॅस कप्प्यातच साठत राहतो. दुसरी जागा गॅस गीझरच्या धुराची वाट. ती तुंबली की कार्बन मोनॉक्साइड आत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. त्यानंतर शेगडीच्या बर्नरच्या नळ्या, जनरेटरचा सायलेन्सर, छतावरच्या एसीचं आवरण. सांडपाण्याच्या टाकीचा हवेचा पाइप बुजला तर जिवाला धोका नाही, पण बेसिन गुडगुडतं, पाणी उतरत नाही आणि आत वास कोंडतो. प्लंबर पाइपात तार घालत बसतो आणि दोष छतावर असतो.

हे अति वाटत असेल तर 6 फेब्रुवारी 1996 चा अपघात आठवा. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पोर्तो प्लाटाहून उडालेलं बर्जनएअरचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं आणि 189 जण गेले. वेग मोजणारी नळी बुजली होती. त्याआधी काही दिवस विमान त्या नळ्यांवर टोपी न घालता उभं होतं. नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत, त्यामुळे पुरावा हाती लागला नाही, पण तपासात सर्वात जास्त शक्यता धरली गेली ती कुंभारणीच्या घराचीच.

कागदी पोळ्याचं गणित वेगळं. तळहातापेक्षा लहान, समोर दिसणारं, जमिनीवर उभं राहून हात पोचेल असं पोळं असेल आणि घरात कुणाला डंखाची ॲलर्जी नसेल, तर स्वतः करायला हरकत नाही. यातली एक जरी अट मोडत असेल तर खालचा पेस्ट कंट्रोलवाल्याचा परिच्छेद वाचा आणि फोन लावा. वेळ रात्रीची, सगळ्या माश्या पोळ्यावर परतल्यावर. टॉर्च हातात धरू नका, बाजूला ठेवा, कारण त्या उजेडाच्या दिशेने उडतात. काचेवर लाल कागद लावला तर आणखी बरं, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. मग साबणाचं पाणी की फवाऱ्याचा डबा? गाडीच्या आत मी साबणाचंच नाव घेईन. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे, कुंड्यांचा फवारा, आणि पोळं निथळेपर्यंत मारा. साबणामुळे पाणी माशीच्या अंगावरून घरंगळत नाही, श्वासाच्या छिद्रांत शिरतं. गादीवर, ताटांवर काही विषारी उरत नाही. डब्याचा फायदा म्हणजे माशी लवकर पडते. पण घरगुती डबा धुक्यासारखा फवारतो, लांब धार मारत नाही, म्हणजे जवळ जावंच लागतं. त्यातला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे आधी सिलिंडर बंद आणि जवळपास ज्योत नको. बंद गाडीत ते औषध पडद्यांवर बसून राहतं, आणि मांजरासाठी ते फार वाईट. पोळं पडल्यावर देठाची जागाही घासून धुवा.

माश्या पळवायला म्हणून डांबरगोळ्या झोपायच्या जागेत ठेवू नका, त्यांची वाफ माणसालाही बाधते. आणि कॉलनीचा चौकीदार हमखास सुचवेल, “साहब, कपड़ा जला के लगा दो, सब भाग जाएँगे।” त्याला हात जोडून नाही म्हणा. प्लायवूड, फोम आणि गॅस असलेल्या गाडीजवळ पेटता बोळा नेणं म्हणजे माशीपेक्षा मोठं संकट ओढवून घेणं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ते भोकातली ये-जा दिसली तर, मोठ्या तांबड्या माश्या असल्या तर, किंवा पोळं छतावर असलं तर. शिडीवर उभं राहून माश्यांपासून पळता येत नाही. इथे पैशाचा विचार करू नये असं मला मनापासून वाटतं. पण तो येईपर्यंत भोक बुजवू नका. बाहेरची वाट बंद झाली तर त्या आतून वाट शोधतात आणि तुमच्या बैठकीत निघतात. त्याला फोनवरच सांगा की ही राहण्याची गाडी आहे, आत गॅस आहे, स्वयंपाक होतो. पोकळीत धूर नको, कीटकनाशक पावडर हवी, आणि माश्या मेल्यावर पोळं काढून देणार का, हेही विचारून घ्या. आत राहिलेलं पोळं कुजतं, मुंग्या लागतात. लटकलेलं एकच मोठं, माश्यांनी झाकलेलं मेणाचं पोळं असेल तर ते आग्यामोहोळ आहे. त्याला साबणही नको आणि पावडरही नको, मधमाश्या काढणारा जाणकार बोलवा.

डंख बसलाच तर धुऊन बर्फ लावा. मधमाशीसारखा काटा आत राहत नाही, तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते, म्हणून आधी तिथून लांब जा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा. खूप डंख बसले असतील तर माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात न्या, मूत्रपिंडावर परिणाम नंतर दिसतो.

आता पुढच्या मोसमाची तयारी. अख्ख्या गाडीला ताडपत्री घालायची की फक्त भोकं बंद करायची? ताडपत्रीने ऊन अडतं, पण तिच्या घड्यांत माश्यांना आणखी आडोसा मिळतो. माझं मत जाळीच्या बाजूने. इंदूरच्या सियागंज बाजारातून स्टेनलेस स्टीलची दोन-तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी आणा, खर्च काही शे रुपयांचा. मच्छरदाणीची जाळी नको, उन्हाळ्याच्या धुळीने ती महिन्याभरात गच्च होते. ही जाळी हवेच्या झरोक्यांना, टाकीच्या पाइपाला, गॅसच्या कप्प्याच्या भोकाला लावा. गीझर, जनरेटर यांच्या धुराच्या वाटेला मात्र कायमची जाळी नको, धूर अडतो. तिथे गाडी उभी असेपर्यंत रबरी बूच बसवा आणि प्रत्येक बुचाला हातभर लाल फीत बांधा. बुचं किती आहेत तो आकडा स्टेअरिंगवर चिकटवा. गॅस गाडी उभी असेपर्यंत सिलिंडरपाशीच बंद ठेवा, आणि बुचं मोजून हातात आल्याशिवाय उघडू नका.