त्रियानातला फूड वॉक: आमची फसवणूक कशी झाली

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात ग्वादलकिव्हिर नदीच्या पलीकडच्या काठावर त्रियाना नावाची जुनी वस्ती आहे. कुंभारांची, खलाशांची, फ्लामेंको गाणाऱ्यांची म्हणून ती ओळखली जाते. संध्याकाळी गाइडबरोबर तिथल्या गल्ल्यांतून पायी हिंडायचं आणि चार-पाच बारमध्ये थोडं थोडं खायचं, असे फूड वॉक तिथे बरेच विकले जातात. त्यातले कित्येक चांगले असतील. आमच्या वाट्याला आलेला तसा नव्हता, आणि त्याची रचना इतकी बेतून केलेली होती की दुसऱ्या कुठल्याही शहरात दुसऱ्या कुणालाही तो गाठू शकतो. म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे. ज्यांच्या घरात शाकाहारी माणसं आहेत त्यांनी तर जरूर वाचावं.

ऑक्टोबरमध्ये मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं तिथे होतो. फोनवर दिसलेल्या जाहिरातीवरून बुकिंग केलं. माणशी ८५ युरो, तिघांचे २५५, आगाऊ. त्यात काय मिळणार ते स्पष्ट लिहिलेलं होतं: आठ जणांचा गट, अधिकृत गाइड, त्रियानाच्या बाजारातल्या दुकानांवर चाखायला पदार्थ, पाच जुने बार, दहा तापास (बारमध्ये मिळणारे छोटे छोटे पदार्थ), चार पेयं, आणि शाकाहारींसाठी प्रत्येक ठिकाणी वेगळा पदार्थ. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. त्यामुळे मी वेगळा मेसेज करून विचारलं होतं, आणि ‘काळजी करू नका, सगळं कळवलं आहे’ असं उत्तर लेखी आलं होतं. ते उत्तर आजही माझ्याकडे आहे.

भेटायची जागा पुलाच्या तोंडाशी, आल्तोसानो चौकात, बैलझुंजवाला हुआन बेलमोंते याच्या पुतळ्यापाशी. वेळ साडेसहा. तिथे वीसच्या वर माणसं उभी होती. दोन वेगवेगळ्या नावांच्या जाहिरातींवरून आलेले लोक एकाच गाइडच्या हवाली केलेले होते. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. आंदालुसियात, म्हणजे सेव्हिल ज्या प्रांतात आहे तिथे, टूरिस्ट गाइडची प्रांतिक सरकारकडे नोंद होते आणि त्याला कार्ड मिळतं. नवऱ्याने कार्डाबद्दल विचारलं, तर ‘ऑफिसमध्ये आहे’ असं उत्तर आलं.

पहिला मुक्काम बाजार. त्रियानाचा बाजार खरोखर सुंदर आहे. तो सान होर्खे किल्ल्याच्या अवशेषांवर उभा आहे, आणि १४८१ पासून स्पॅनिश इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या धार्मिक न्यायालयाचं, सेव्हिलमधलं ठाणं याच किल्ल्यात होतं. पण तिथली भाजी, मासे, मांस यांची दुकानं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात. संध्याकाळी त्या भागात शटरं खाली असतात आणि फक्त काही खाण्याचे गाळे चालू असतात. म्हणजे साडेसहाला सुरू होणाऱ्या फेरीत ‘दुकानांवर चाखणं’ होऊच शकत नव्हतं, आणि हे रोज तिथे येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बंद शटरांसमोर उभं करून आम्हाला इन्क्विझिशनच्या छळाच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. चाखायला ऑलिव्हची एक वाटी, वीस जणांत.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट. स्पेनमध्ये रात्रीच्या जेवणासाठी बहुतेक स्वयंपाकघरं आठ-साडेआठनंतर सुरू होतात. त्याआधी बारमध्ये बिअर मिळेल, थंड पदार्थ मिळतील, गरम ताजं क्वचितच. साडेसहाला गट न्यायचा म्हणजे दुपारचं उरलेलं गरम करून द्यायचं, बारवाल्याला रिकाम्या वेळेत गिऱ्हाईक मिळवून द्यायचं आणि खरी गर्दी सुरू व्हायच्या आत गट बाहेर काढायचा. संध्याकाळच्या फूड वॉकची वेळ आठच्या आधीची असेल तर तिथे काय शिजवून मिळणार आहे, हे आधी विचारा.

पहिल्या बारमध्ये उभ्याने एकेक छोटी बिअर आणि मोंतादितो, म्हणजे छोटासा पाव, आत डुकराच्या मांसाचं प्रिंगा. सासूबाईंसाठी सालमोरेहो आला. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा दाट थंड सार, मूळ कोर्दोबाचा. त्यावर रीतीप्रमाणे उकडलेलं अंडं आणि हामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवून वाळवलेल्या मांडीचे, तुकडे असतात. आम्ही नको म्हटल्यावर वेटरने आमच्या डोळ्यांसमोर चमच्याने ते तुकडे वरून काढले आणि तीच वाटी परत त्यांच्यापुढे ठेवली. गाइड म्हणाला, ‘आता शाकाहारी आहे.’

दुसऱ्या ठिकाणी क्रोकेता आले, म्हणजे आत सारण भरलेले तळलेले छोटे रोल. मी गाइडला दोनदा विचारलं. ‘चीजचे आहेत, मी स्वतः सांगितलंय,’ असं तो म्हणाला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि थांबल्या. आत गुलाबी तुकडे होते. ज्या बाईंनी सत्तरी ओलांडेपर्यंत कधी मांस तोंडात घातलं नाही, त्यांनी परक्या देशात, वीस अनोळखी माणसांसमोर, कागदी रुमालात तो घास टाकला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर रात्रभर त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण हे मी विसरणार नाही. माहीत नव्हतं असं गाइड म्हणू शकत नाही. युरोपात दूध, अंडी, मासे, गहू अशा १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे, त्यामुळे पदार्थात काय काय घातलंय हे बारला ठाऊक असतंच. त्याने ते विचारलंच नाही.

तिसरं ठिकाण नदीकाठच्या बेतिस रस्त्याच्या मागच्या गल्लीत होतं आणि तेच शेवटचं ठरलं. इथे आम्हाला बसायला टेबलं दिली. मेनूकार्ड कुणी आणलं नाही. न मागता ताटं येऊ लागली: हामोन, चीज, झिंगे, वाइनची बाटली, बाटलीबंद पाणी. सगळ्यांना वाटलं, हीच ती उरलेली तापास. गाइड टेबलांमधून फिरत ‘एंजॉय, एंजॉय’ म्हणत होता. थोड्या वेळाने दुसरा गट घ्यायचा आहे म्हणून तो निघून गेला, आणि तो गेल्यावर प्रत्येक टेबलावर बिल आलं. आमचं ९६ युरोचं.

हामोनबद्दल सांगायलाच हवं, कारण स्पेनमध्ये पर्यटकाची फसवणूक सगळ्यात जास्त याच ताटात होऊ शकते. बिलावर ‘इबेरिको दे बेयोता’ लिहिलं होतं, म्हणजे ओकची फळं खाऊन वाढलेल्या इबेरियन डुकराचं. २०१४ पासून स्पेनमध्ये इबेरिको हामोनच्या मांडीला रंगीत पट्टी बांधणं सक्तीचं आहे. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरियन जातीचं बेयोता, लाल म्हणजे बेयोताच पण संकरित जातीचं, हिरवी म्हणजे मोकळ्यावर चरलेलं पण धान्यावरही पोसलेलं, पांढरी म्हणजे गोठ्यात धान्यावर वाढवलेलं. ताटातल्या कापांवर पट्टी दिसत नाही, म्हणून मांडी दाखवा म्हणायचं. चांगल्या बारमध्ये ती काउंटरवरच लावलेली असते आणि अभिमानाने दाखवतात. नवऱ्याने दाखवा म्हटल्यावर वेटरने आतून प्लास्टिकचं बंद पाकीट आणलं. त्यावर बेयोता हा शब्द कुठेच नव्हता. ते साधं सेर्रानो होतं, पांढऱ्या डुकराचं, आणि त्याची किंमत बेयोताच्या जवळपासही जात नाही.

पाण्याचंही तसंच. २०२२ च्या कायद्यानुसार स्पेनमधल्या हॉटेल-बारनी गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं. आमच्या बिलात तीन बाटल्या लावल्या होत्या. खाली वेगळा कर जोडला होता, तोही चूक, कारण तिथे मेनूवरची किंमत करासकटच असावी लागते आणि खाण्यापिण्यावरचा १० टक्के व्हॅट तिच्यातच धरलेला असतो.

आजूबाजूच्या टेबलांवरचे बहुतेक जण कुरकुरत पैसे देऊन गेले. आम्ही बसून राहिलो. आधी मेनूकार्ड मागितलं. त्यात झिंग्यांची किंमत छापलेलीच नव्हती. मग आम्ही ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’ मागितलं. हे शब्द स्पेनला जाणाऱ्या प्रत्येकाने फोनमध्ये लिहून ठेवावेत. हा तक्रारीचा सरकारी छापील फॉर्म असतो. तो प्रत्येक दुकानात, बारमध्ये, हॉटेलात ठेवावाच लागतो आणि गिऱ्हाइकाने मागितला की फुकट द्यावा लागतो. आपली एक प्रत आपल्याकडे राहते. आंदालुसियात व्यावसायिकाने १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फॉर्म ग्राहक विभागाकडे किंवा महापालिकेच्या ग्राहक कार्यालयाकडे पाठवता येतो. आधी ‘फॉर्म संपलेत’ असं उत्तर मिळालं. आम्ही ०९२ म्हणजे स्थानिक पोलिसांचा नंबर लावतो म्हटल्यावर ते फॉर्म निघाले. मॅनेजर बाहेर आला, झिंगे, पाणी आणि तो कर बिलातून वजा केला. हामोनवर मात्र तो अडून बसला. ५८ युरो भरून आणि फॉर्म लिहूनच आम्ही उठलो.

पैसे देताना कार्ड मशिनवर रक्कम रुपयांत दिसली आणि वेटरने हिरवं बटण दाबायला हात पुढे केला. रुपयांत दिले की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो. परदेशात कायम तिथलंच चलन निवडा, आणि मशीन स्वतःच्या हातात घेऊन निवडा.

त्या रात्रीच मी बुकिंगवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर असं: गाइड स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्या वागण्याची जबाबदारी आमची नाही, बार स्वतंत्र धंदा आहे, बिल त्यांना विचारा, कार्यक्रमात बदल होऊ शकतो असं अटींमध्ये आहे. गाइडने मेसेज बघून उत्तरच दिलं नाही. बारच्या मॅनेजरने तर आधीच हात वर केले होते, ‘गाइडने काय कबूल केलं ते मला काय माहीत.’ तिघांची ही टोलवाटोलवी हीच या फसवणुकीची खरी युक्ती आहे. प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं आणि जबाब द्यायला कुणीच नाही. परत नीट पाहिलं तेव्हा कळलं की त्या संकेतस्थळावर कंपनीचं नोंदलेलं नाव, पत्ता, कर क्रमांक काहीच नव्हतं. स्पेनमधल्या व्यावसायिक संकेतस्थळावर ‘आविसो लेगाल’ या मथळ्याखाली हा तपशील देणं कायद्याने आवश्यक आहे. पैसे भरायच्या आधी पान खालपर्यंत सरकवून तो शोधा. सापडला नाही तर तिथेच थांबा. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते हा युरोपातला नियम इथे कामी येत नाही, कारण ठरावीक तारखेच्या करमणुकीच्या सेवांना तो लागू नाही.

उपयोग झाला तो बँकेचा. पुण्यात परतल्यावर क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला. ‘सांगितलेली सेवा दिली नाही’ हे कारण दिलं आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट, शाकाहारी जेवणाबद्दलचं लेखी उत्तर, तिन्ही ठिकाणचे फोटो, बिल आणि तक्रार फॉर्मची प्रत जोडली. अशा वादासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँका त्याहून कमी वेळ देऊ शकतात, म्हणून थांबू नका. काही महिन्यांनी २५५ पैकी १५० युरो परत आले. न दाखवलेल्या बारचे आणि न दिलेल्या पेयांचे धरले असावेत. बँकेच्या माणसाने फोनवर सांगितलं की तुमच्याकडे तिथल्या तिथे भरलेला सरकारी फॉर्म होता, हे महत्त्वाचं ठरलं.

त्रियानावर मात्र राग धरू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आपले आपण सान हासिंतो रस्त्याच्या आजूबाजूला फिरलो. एका साध्या बारमध्ये काउंटरपाशी उभे राहिलो. मालकाने लाकडी काउंटरवरच खडूने हिशेब मांडला. जुन्या सेव्हिलमध्ये तशी पद्धत आहे. सासूबाईंसाठी आम्ही पालक आणि छोले विचारले. तो पदार्थ सेव्हिलचा खास आहे, लसूण, पाप्रिका आणि जिरं घातलेला. मालक स्वतःहून म्हणाला, थांबा, विचारून येतो, आणि आत जाऊन मांसाचं पाणी घातलेलं नाही याची खात्री करून आला. जिऱ्याचा वास आल्यावर सासूबाई दोन वाट्या जेवल्या. भरपेट खाऊनही तिघांचं बिल तीस युरोच्या आत होतं.

तेव्हा शाकाहारी मंडळींसाठी एवढं पाठ करायला सांगते. नुसतं ‘वेहेतारियानो’ किंवा ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून भागत नाही, कारण हामोन आणि ट्यूना यांना तिथे पुष्कळ जण मांसात धरतच नाहीत. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन काल्दो दे कार्ने’ असं पूर्ण म्हणा. पेस्कादो म्हणजे मासे, आतून म्हणजे ट्यूना, आणि शेवटचं म्हणजे मांसाचं पाणीही नको. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएव्हो’ जोडा. हे कागदावर लिहून घ्या आणि कागद गाइडच्या हातात न देता थेट काउंटरमागच्या माणसाला दाखवा.