टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन, भाग 1 (ब्लू-रे): काही महिने वापरल्यावर

आधी थोडक्यात निकाल. मोठ्या माणसांनी हा संच जरूर घ्यावा. घरात लहान मूल असेल तर घ्यावा, पण डिस्क लावून स्वयंपाकघरात निघून जाऊ नये. का, ते सविस्तर सांगतो.

वॉर्नर ब्रदर्स कंपनीनं 2011 मध्ये काढलेला हा दोन डिस्कचा संच मी जुन्या मालातून घेतला. 1940 ते 1948 या काळातली टॉम अँड जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांनी केलेली या जोडीची पहिली 37 कार्टून्स त्यात आहेत, थिएटरात लागली त्याच क्रमानं आणि मुख्य म्हणजे न कापता. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं आणि रात्री त्याच जागी टीएनटी हे सिनेमांचं चॅनल सुरू व्हायचं, त्या पिढीतला मी. टॉम अँड जेरी आपल्याला पाठ आहे असं मी धरून चालत होतो. ते खरं नव्हतं, कारण टीव्हीवर दिसायची ती बऱ्याचदा कात्री लागलेली किंवा आवाज बदललेली असायची.

चित्र फारच सुरेख आहे. पहिल्या ‘पस गेट्स द बूट’मध्ये बोक्याचं नाव अजून टॉम पडलेलं नाही, तो जॅस्पर आहे आणि त्याच्या अंगावरचा केसन् केस रंगवलेला दिसतो. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत चांगल्या स्पीकरवर ऐकलंत तर चित्राकडे पाठ करूनही कोण कुठे धावतंय ते कळतं. ऑस्कर मिळवलेली चार कार्टून्स याच संचात आहेत. ‘द कॅट कॉन्सर्टो’ मी किती वेळा लावलं याची गणती नाही. दोन्ही डिस्क कुठे अडकल्या नाहीत.

आता वादाचा भाग. या घरातली ती जाडजूड बाई आठवते? पायात सपाता, हातात झाडू, चेहरा सहसा न दिसणारी. मॅमी टू शूज या नावानं ती ओळखली जाते. अमेरिकी सिनेमात कृष्णवर्णीय मोलकरणीचा एक ठरलेला साचा होता, तशीच ती रेखाटली आहे: बोली मुद्दाम अशुद्ध, शरीर अवाढव्य, उंदीर दिसला की खुर्चीवर चढून किंचाळणं. साठच्या दशकात टीव्हीसाठी काही कार्टून्समधून तिला काढून टाकलं, तिच्या जागी एक सडपातळ गोरी बाई नव्यानं रेखाटली आणि तिला आयरिश ढंगाचा आवाज दिला. नव्वदच्या दशकात चित्र तेच ठेवून आवाज नव्यानं भरला. या संचात मात्र मूळ आवाज आहे, लिलियन रॅन्डॉल्फ यांचा.

माझ्यासाठी संचाची सगळी किंमत इथे वसूल झाली. रॅन्डॉल्फ काय ताकदीची नटी होती! ‘ओल्ड रॉकिंग चेअर टॉम’ ऐका. टॉम म्हातारा झाला म्हणून ती त्याच्या जागी दुसरा बोका आणते, तेव्हाचं तिचं बोलणं नुसतं कानांनी ऐकावं असं आहे. त्या काळच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. पुढे पात्र आक्षेपार्ह ठरलं तेव्हा तिचा आवाजही पुसला गेला. साचा गोऱ्या मालकांनी आणि चित्रकारांनी बनवला, आणि पुसली गेली ती त्या साच्यात राहून काम करणारी कृष्णवर्णीय बाई. मला हे फार लागलं.

दुसरा प्रकार त्याहून कठीण आहे. ‘द ट्रूस हर्ट्स’मध्ये टॉम, जेरी आणि कुत्रा तिघं करार करून मैत्री करतात. रस्त्यानं चालताना एक ट्रक डबक्यातला चिखल त्यांच्यावर उडवून जातो, आणि पुढच्या क्षणी तिघांचे चेहरे जाड ओठांच्या काळ्या सोंगांसारखे काढलेले दिसतात. क्षणभराचंच दृश्य, टीव्हीवर ते कापलं जायचं. ‘द मिल्की वेफ’मध्ये तर जेरी आणि छोटा उंदीर बुटाचं पॉलिश फासून तसंच सोंग घेतात आणि ते बराच वेळ चालतं. इयत्ता चौथीतली माझी भाची शेजारी बसली होती. “मामा, ह्यात हसायचं काय आहे?” तिनं विचारलं. मी डिस्क थांबवली आणि सांगितलं की अमेरिकेत गोरे नट तोंड काळं करून कृष्णवर्णीय माणसांची टिंगल करायचे आणि लोक तिकिटं काढून ती बघायचे. वर्गात एका मुलीला रंगावरून चिडवतात, हे तिनं त्यावर आपणहून सांगितलं. बाकीची संध्याकाळ त्या बोलण्यातच गेली, आणि ती चांगली गेली.

सुरुवातीला पडद्यावर एक सूचना येते. या चित्रणातले पूर्वग्रह तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, पण ती दृश्यं काढून टाकणं म्हणजे ते पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे, असा तिचा आशय. मला ती पटते. “त्या काळी सगळ्यांना चालायचं” हे मात्र मला मुळीच मान्य नाही. एनएएसीपीसारख्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्था तेव्हाही अशा पात्रांना जाहीर विरोध करत होत्या. ज्यांची टिंगल होत होती त्यांना ते कधीच चालत नव्हतं.

संचातलं शेवटचं, 37 वं कार्टून ‘प्रोफेसर टॉम’. त्यानंतर क्रमानं येतं ते ‘माउस क्लीनिंग’, जिथे शेवटी कोळशानं माखलेला टॉम कृष्णवर्णीय माणसाची नक्कल करत बोलतो. 2013 मध्ये दुसरा भाग जाहीर झाला, पण त्यातून ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ ही दोन वगळणार असं कळलं. संग्राहकांनी कडाडून आक्षेप घेतला आणि तो भाग बाजारात आलाच नाही. दोन कार्टून्स लपवण्यापायी बाकीचीही तेव्हा अडकली. पहिल्या भागात सूचना देऊन ‘मिल्की वेफ’ दाखवता येतं, तर पुढच्याला वेगळा न्याय का?

घेणार असाल तर वेष्टनावर ‘गोल्डन कलेक्शन’ आणि ‘भाग 1’ हे दोन्ही शब्द तपासा. टॉम अँड जेरीचे स्वस्त संच पुष्कळ मिळतात, पण त्यांत कापलेल्या प्रती असू शकतात. मुलांना पहिल्यांदा दाखवताना ‘यँकी डूडल माउस’ आणि ‘कॅट कॉन्सर्टो’पासून सुरुवात करा. मॅमीची आणि सोंगांची कार्टून्स आधी स्वतः बघा, मग सोबत बसून दाखवा.