जपानी लिलावातली पेनं: सात महिन्यांचा अनुभव

जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडचे बरेच लिलाव रात्री दहाच्या सुमारास संपतात, म्हणजे नागपुरात साडेसहा. गेले सात महिने माझा संध्याकाळचा चहा मोबाइलपुढे गार होतो, ही घरची तक्रार खरी आहे.

मला वेड जुन्या जपानी शाईपेनांचं, त्यातही १९७० च्या आसपासच्या पायलट कंपनीच्या आखूड पेनांचं. टोपण मागे खोचलं की लिहायला पुरेशी लांबी होते. इथली बर्डीची बाजारपेठ पालथी घातली, एक मिळालं नाही. याहू ऑक्शन्स जपान या तिकडच्या लिलावाच्या साइटवर ढिगाने असतात, पण तिथले बहुतेक विक्रेते देशाबाहेर माल पाठवतच नाहीत. म्हणून प्रॉक्सी सर्व्हिस, म्हणजे आपल्या वतीने तिथे खरेदी करणारी मध्यस्थ कंपनी. बोली आपली, खातं त्यांचं. माल आधी त्यांच्या जपानमधल्या गोदामात जातो, मग आपल्याकडे निघतो.

पहिल्या तीन पेनांच्या बोल्या मिळून ८,४०० येन. सेवेचे प्रत्येकी ५००, विक्रेत्याकडून गोदामापर्यंतचं टपाल तिन्हींचं १,१००, गोदामातून नागपूरपर्यंत २,३००. झाले १३,३००. वर कार्डवाल्यांचे साडेतीन टक्के, आणि कस्टम वेगळं. कस्टम नुसत्या पेनावर लागत नाही, भाडं धरून लागतं. त्यामुळे २,८०० चं पेन दारात येईपर्यंत ४,४०० च्या वर गेलेलं असतं. तिन्ही एकाच डब्यात मागवली म्हणून एवढ्यावर भागलं.

बोली लावताना एक गोष्ट उशिरा कळली. विक्रेत्याने मुदतवाढ चालू ठेवली असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली पडली की लिलाव आणखी पाच मिनिटं लांबतो. शेवटच्या क्षणी झडप घालायची माझी सगळी हुशारी तिथे फुकट गेली. आता आकडा आधीच ठरवतो, टाकतो आणि बाजूला होतो. म्हणजे, प्रयत्न करतो.

खरा फटका 'मातोमे'ने दिला. मातोमे म्हणजे गठ्ठ्याने विक्री. आठ पेनं, फोटो धूसर, भाव मोहात पाडणारा. गोदामात तपासणी करून घ्यायचे जादा पैसेही भरले. तपासणी काय, तर दोन फोटो आणि 'आठ नग मिळाले'. घरी डबा उघडला तर तिघांच्या टोपणांना कडेला तडे, एकाची निब वाकडी. तक्रार केली. उत्तर आलं, विक्रेत्याने 'जंक, परत घेणार नाही' असं लिहिलं होतं. लिहिलं होतंच. भाषांतरात मी ते 'सध्याच्या अवस्थेत' असं वाचून पुढे सरकलो होतो. पण मोजणीला तपासणी म्हणून पैसे घ्यायचे, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरी चूक माझीच. संगमरवरी बैठकीचा पेनस्टँड घेतला आणि घाईत कुरिअर निवडलं. वजन १.४ किलो, पण खोका ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरचा. कुरिअरवाले गुणाकाराला ५,००० ने भागतात, म्हणजे भाडं तीन किलोचं. स्टँडपेक्षा भाडं जास्त झालं. देखणा आहे, आकडा घरात कोणाला सांगितलेला नाही.

'डब्यावर गिफ्ट लिहायला सांग' हा सल्ला मला तिघांनी दिला. भेटवस्तूंना कस्टम माफ करणारी ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. आमचे पोस्टमनभाऊ ड्यूटीची पावती धरून दारात उभे राहतात. परवा विचारलं, "साहेब, आत आहे तरी काय?" म्हटलं, "पेनं." "जुनी?" "हो." पुढे काही बोलले नाहीत, सुटे तेवढे परत दिले.

पण त्याच फुटक्या गठ्ठ्यातल्या एका निबवर भिंगातून 'एच २७३' दिसलं. एच म्हणजे पायलटचा हिरात्सुकाचा कारखाना, २७३ म्हणजे फेब्रुवारी १९७३. धुऊन शाई भरली आणि पहिलीच ओळ लागली. जपानी 'फाइन' आपल्या फाइनपेक्षा बारीक असते, त्यामुळे 'क्ष्म'सारखं जोडाक्षरही भरून जात नाही. मे महिन्यात मात्र दोन दिवस लिहिलं नाही की शाई वाळते, मग पेन कूलरसमोर ठेवा नाहीतर टेबलाच्या खणात.

सध्या दोन पेनं गोदामात पडून आहेत. तिसरं लागलं की एकत्र मागवीन, फुकट ठेवण्याचे नऊ दिवस उरलेत.