मॉरिशसचा मार्लिन की अंदमानची जीटी?

गळाने मोठा मासा पकडायला मॉरिशसला माणसं जातात ती ब्लू मार्लिन या माशासाठी, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅक रिव्हरहून सकाळी बोट सुटते. ल मॉर्नजवळ किनारा मागे पडतो न पडतो तोच समुद्र शेकडो मीटर खोल. बोट चालत राहते, मागे बनावट आमिषं ओढली जातात, आपण नुसते बसून. तासन्‌तास. मग अचानक रीळ कर्रर्र करतं आणि तुम्हाला खुर्चीत पट्ट्याने जखडतात. पकडलेला मासा बहुधा बोटवाल्याचा असतो. आधीच विचारून घ्या, नंतर तोंड पाडून बसू नका.

अंदमानात बसायची सोयच नाही. दीडेकशे ग्रॅमचा पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं बनावट आमिष, प्रवाळाच्या कडेला फेकायचा, झटके देत ओढायचा, पाण्यावर बुळुक बुळुक, की पुन्हा फेकायचा. जायंट ट्रेव्हली, म्हणजेच जीटी मासळी, खालून धडकते ती दार आपटल्यासारखी. पहिल्या काही सेकंदांत आवरली नाही, तर प्रवाळात शिरते आणि दोरा तुटतो. सापडली तर फोटो काढून सोडून देतात.

घरचे सोबत असतील किंवा रॉड कधी धरलाच नसेल, तर मॉरिशस. गळाला नाही लागला तरी धुरावलेला मार्लिन ताटात मिळतोच. खांदे शाबूत असतील तर माझं मत अंदमानला. उलटीची गोळी मात्र दोन्हीकडे, बोट सुटायच्या आधी.